देहातील पाणी, मीठ आणि रेडिओ ऊर्जेचे शोषण

कानात बसविलेला बिनतारी इअरफोन, मनगटावरील नाडी मोजणारे घड्याळ, दंडावर चिकटविलेली रक्तातील साखर मोजणारी चकती आणि छातीच्या त्वचेखाली ठेवलेला पेसमेकर ही उपकरणे प्रयोजनाने परस्परांहून भिन्न असली, तरी भौतिकीच्या दृष्टीने ती एकाच वर्गात मोडतात. ही उपकरणे रेडिओ तरंगांच्या द्वारे माहितीची देवघेव करतात, आणि त्यांचा आकाशक, म्हणजेच अँटेना, मानवी देहाला टेकलेला किंवा देहातच पुरलेला असतो. नभोवाणीचा मनोरा आणि श्रोता यांच्यात कित्येक मैलांचे अंतर असे. येथे ते अंतर काही मिलिमीटरांवर आले आहे, अथवा मुळीच उरलेले नाही. साहजिकच असा प्रश्न उपस्थित होतो, की आकाशकातून निघालेल्या ऊर्जेचा किती भाग संदेश घेऊन पुढे जातो, किती भाग देहात मुरतो, आणि मुरलेल्या भागाचे पुढे काय होते.

या प्रश्नाविषयी सुशिक्षितांतही दोन टोकांचे समज आढळतात. एका समजानुसार रेडिओ तरंग हे क्ष-किरणांचेच भाऊबंद असल्याने त्यांचा अल्पांशही घातक ठरतो. दुसऱ्या समजानुसार अशा उपकरणांची शक्ती वॉटच्या काही सहस्रांशांइतकीच असल्याने शोषणाचा विचार करण्याचे कारणच नाही. या दोन्ही समजांत एक समान उणीव आहे. ते केवळ उपकरणाकडे पाहतात, देहाकडे पाहत नाहीत. वस्तुतः उपकरण, त्याची देहावरील जागा आणि त्या जागेखालील ऊतकांची रचना या तिहींच्या संयोगातून शोषणाचे प्रमाण ठरते. आणि ऊतकांच्या बाजूने पाहता त्यात निर्णायक वाटा पाणी व मीठ या दोन अत्यंत परिचित द्रव्यांचा असतो. हे कसे घडते, आणि त्यावरून उपकरणांसोबत दिल्या जाणाऱ्या मर्यादांच्या आकड्यांचा अर्थ कसा लावावयाचा, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. ऊर्जेचे स्वरूप

देहावर वागविली जाणारी बहुसंख्य बिनतारी उपकरणे २४०० ते २४८३.५ मेगॅहर्ट्‌झ या कंप्रता-पट्ट्यात चालतात. भारतात हा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवान्याच्या बंधनातून मुक्त करण्यात आला. देहाच्या आत बसवावयाच्या वैद्यकीय उपकरणांसाठी अनेक देशांत ४०२ ते ४०५ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा वापरला जातो. मोबाइलचे काही जुने पट्टे या दोहोंच्या दरम्यान, ९०० व १८०० मेगॅहर्ट्‌झच्या आसपास, येतात.

क्ष-किरणांशी या तरंगांचे नाते आहे ते दोन्ही विद्युत्‌चुंबकीय असण्यापुरतेच. २४५० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ०.००००१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. देहाच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानाला रेणूंच्या औष्णिक हालचालीचे ऊर्जामान सुमारे ०.०२७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे त्या फोटॉनच्या अडीच हजार पटींहून अधिक असते. रेणूमधून इलेक्ट्रॉन सुटा करावयाचा तर १० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. तेव्हा क्ष-किरण ज्या मार्गाने रासायनिक बंध तोडतात तो मार्ग रेडिओ तरंगांना उपलब्ध नाही. त्यांचा निश्चितपणे सिद्ध झालेला व मोजता येणारा परिणाम म्हणजे उष्णतेची निर्मिती. ही उष्णता कोणत्या यंत्रणेने निर्माण होते, हे आता पाहावयाचे आहे.

२. पाणी आणि मीठ

पाण्याचा रेणू विद्युत् दृष्ट्या ध्रुवीय आहे. त्याचे एक टोक किंचित ऋण व दुसरे किंचित धन असते. बाहेरून विद्युत्‌क्षेत्र लावले असता हे रेणू क्षेत्राच्या दिशेस वळू पाहतात. क्षेत्राची दिशा सेकंदात कोट्यवधी वेळा पालटत असेल, तर रेणूंनाही तितक्याच वेळा वळावे लागते. परंतु शेजारच्या रेणूंशी असलेल्या बंधांमुळे ते क्षेत्राच्या किंचित मागे पडतात. या मागे पडण्यात क्षेत्राची जी ऊर्जा खर्च होते, तीच उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. ध्रुवीय रेणूंच्या या वर्तनाची उपपत्ती पीटर डिबाय यांनी मांडली, आणि त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला.

रेणूंना पुन्हा विस्कळित होण्यास जो काळ लागतो त्यास शिथिलन-काल म्हणतात. देहाच्या तापमानाला शुद्ध पाण्याचा शिथिलन-काल सेकंदाच्या सुमारे सहा लक्ष-कोट्यंशांइतका असून त्याला अनुरूप कंप्रता २५ गिगॅहर्ट्‌झच्या आसपास येते. यावरून एका प्रचलित गैरसमजाचे निरसन होते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी २४५० मेगॅहर्ट्‌झवर चालते ती पाण्याच्या रेणूची अनुनाद-कंप्रता असल्यामुळे, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु पाण्याच्या कमाल शोषणाची कंप्रता त्याच्या सुमारे दसपट आहे, आणि येथील घटना अनुनादाची नसून शिथिलनाची आहे. त्यामुळे शोषणाला एखाद्या कंप्रतेवर तीक्ष्ण शिखर येत नाही; ते रुंद पट्ट्यावर सावकाश चढत जाते. म्हणजेच एखादी विशिष्ट कंप्रता टाळून शोषणातून सुटका करून घेणे शक्य नसते.

दुसरे द्रव्य मीठ. देहातील द्रवांत सोडिअम, पोटॅशिअम, क्लोराइड आदी आयन विरघळलेले असतात. रुग्णालयात शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या सलाइनमध्ये दर लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असते. त्यावरून या द्रवांच्या खारटपणाची कल्पना येईल. विद्युत्‌क्षेत्रात हे आयन पुढेमागे सरकतात, भोवतालच्या रेणूंवर आदळतात आणि आपली ऊर्जा त्यांना देतात. ९०० मेगॅहर्ट्‌झजवळ स्नायूतील शोषणात या आयनांचा वाटा मोठा असतो. २४५० मेगॅहर्ट्‌झला आयनांचा व पाण्याच्या रेणूंचा वाटा तुल्य पातळीवर येतो. कंप्रता आणखी वाढली की पाण्याचे पारडे जड होते.

येथे पेशींच्या पटलांचाही विचार करावयास हवा. पेशीचे पटल हे अत्यंत पातळ विद्युत्‌रोधक असल्याने अल्प कंप्रतेचा प्रवाह पेशीला वळसा घालून बाहेरच्या द्रवातून वाहतो. कंप्रता वाढत गेली की पटल एखाद्या संधारित्राप्रमाणे प्रवाहाला वाट देऊ लागते, आणि शेकडो मेगॅहर्ट्‌झच्या प्रदेशात पेशीच्या आतील व बाहेरील द्रव जवळजवळ एकाच मिश्रणासारखे वागतात. कंप्रतेनुसार ऊतकांच्या गुणधर्मांत होणाऱ्या या पायऱ्यापायऱ्यांच्या बदलाचे वर्गीकरण हर्मन श्वान यांनी १९५७ साली केले. पुढे १९९६ साली गेब्रियल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक ऊतकांची १० हर्ट्‌झपासून २० गिगॅहर्ट्‌झपर्यंतची मापने प्रसिद्ध केली. शोषणाची गणिते करताना आजही बहुधा त्याच कोष्टकांचा आधार घेतला जातो.

पाणी आणि ध्रुवीय द्रव यांच्या शिथिलनाचा अभ्यास महाराष्ट्रातही निष्ठेने झालेला आहे. त्या वेळच्या औरंगाबाद येथील मराठवाडा विद्यापीठात कुंभारखाणे, पुराणिक व मेहरोत्रा यांनी पाणी आणि तृतीयक ब्यूटिल अल्कोहोल यांच्या मिश्रणांचे शिथिलन कालक्षेत्रीय पद्धतीने मोजले. ते काम १९९१ साली प्रसिद्ध झाले. या पद्धतीत अतिशय वेगाने चढणारा विद्युत् स्पंद समाक्ष तारेतून द्रवाकडे पाठवितात, परत आलेल्या स्पंदाचा आकार नोंदवितात, आणि फूरिये रूपांतराने एकाच मापनातून कंप्रतेच्या विस्तृत पट्ट्यातील गुणधर्म काढतात. वरवर पाहता अशा मिश्रणांचा मानवी देहाशी संबंध दिसत नाही. परंतु तो किती निकटचा आहे हे पुढे स्पष्ट होईल.

३. स्नायू, मेद आणि त्यांमधील सीमा

पाणी व मीठ यांचे महत्त्व ध्यानी घेतले म्हणजे निरनिराळ्या ऊतकांतील तफावत आपोआप उलगडते. स्नायूच्या वजनात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. मेदात ते त्या मानाने फार थोडे असते. २४५० मेगॅहर्ट्‌झला स्नायूचा परावैद्युतांक सुमारे ५३ व संवाहकता दर मीटरला १.७४ सीमेन्स असते. मेदाच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे सुमारे ५.३ व ०.१० असे आहेत. कोरड्या त्वचेचे आकडे ३८ व १.४६, तर कठीण हाडाचे ११.४ व ०.३९ आहेत. या तफावतीचा परिणाम तरंग किती खोल जातो यावर होतो. क्षेत्राची तीव्रता मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येण्यास या कंप्रतेला स्नायूत सुमारे २.२ सेंटिमीटर अंतर पुरते; मेदात त्यासाठी सुमारे १२ सेंटिमीटर लागतात.

यावरून मेदाचा थर म्हणजे निरुपद्रवी आवरण, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात उतरणारा, मेहनतीने अंग कमावलेला पैलवान आणि बैठ्या कामाचा स्थूल गृहस्थ या दोघांच्या दंडावर एकच चकती चिकटविली, तर अधिक शोषण पैलवानाच्या देहात होईल, असे प्रथमदर्शनी वाटते. सूक्ष्म विचार केल्यास हे उत्तर अपुरे ठरते. त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण परावर्तनाचे. दुरून येणारा सपाट तरंग हवेतून थेट स्नायूवर लंब दिशेने पडला, तर त्याची निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५७ टक्के ऊर्जा परत फिरते. आता मध्ये मेदाचा थर आहे असे समजू. मेदात २४५० मेगॅहर्ट्‌झच्या तरंगाची लांबी सुमारे ५.३ सेंटिमीटर असते. थराची जाडी तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे सुमारे १.३ सेंटिमीटर असेल, तर मेदाच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणारे तरंग परस्परांना बहुतांशी नष्ट करतात. कॅमेऱ्याच्या भिंगावरील पातळ लेप याच तत्त्वाने कार्य करतो. त्वचा वगळून साधा हिशेब केल्यास परावर्तन अवघ्या दोन-तीन टक्क्यांवर येते, आणि जवळजवळ सर्व ऊर्जा आतील स्नायूकडे जाते. प्रत्यक्षात त्वचेमुळे हा परिणाम इतका पूर्ण नसतो. तथापि योग्य जाडीचा मेद ढालीऐवजी दरवाजाचे काम करू शकतो, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते.

दुसरे कारण क्षेत्राच्या दिशेचे. दोन ऊतकांच्या सीमेला समांतर असलेले विद्युत्‌क्षेत्र सीमेच्या दोन्ही बाजूंस समान असते. अशा वेळी मेदातील शोषण स्नायूच्या सुमारे पंधराव्या हिश्शाइतकेच राहते. परंतु सीमेला लंब असलेले क्षेत्र परावैद्युतांकांच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे मेदातील क्षेत्र स्नायूतील क्षेत्राच्या सुमारे दसपट होते. शोषण क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने क्षेत्रामुळे येणारा गुणक सुमारे शंभर होतो. मेदाची अल्प संवाहकता हिशेबात घेऊनही सीमेलगतच्या मेदातील शोषण स्नायूतील शोषणाच्या सहा-सात पट भरते. तेव्हा आकाशक त्वचेवर आडवा आहे की उभा, या एका गोष्टीने शोषणाचे स्थानच पालटते.

याशिवाय २४५० मेगॅहर्ट्‌झला आकाशकापासून सुमारे दोन सेंटिमीटरांच्या आतील प्रदेश हा निकट-क्षेत्राचा प्रदेश असतो. तेथे सुटा, मोकळा तरंग अजून तयारच झालेला नसतो. देह हा आकाशकाचाच एक भाग बनून त्याचा रोध व त्याची कंप्रता बदलतो. इअरफोन किंवा घड्याळ यांच्या बाबतीत परिस्थिती नेहमीच अशी असते. म्हणून दूरच्या मनोऱ्यासाठी वापरावयाचे शक्तिघनतेचे माप येथे उपयोगी पडत नाही, आणि वेगळ्या मापाची गरज उत्पन्न होते.

४. विशिष्ट शोषण-दर

हे वेगळे माप म्हणजे विशिष्ट शोषण-दर. एक किलोग्रॅम ऊतकात दर सेकंदाला मुरणाऱ्या ऊर्जेला ही संज्ञा असून तिचे एकक वॉट प्रति किलोग्रॅम आहे. ऊतकाच्या आतील विद्युत्‌क्षेत्राच्या परिणामी मूल्याचा वर्ग करावयाचा, त्यास संवाहकतेने गुणावयाचे आणि घनतेने भागावयाचे, म्हणजे हा दर मिळतो. उदाहरणार्थ, २४५० मेगॅहर्ट्‌झला स्नायूच्या आत दर मीटरला ३० व्होल्ट क्षेत्र असेल व घनता दर घनमीटरला १०५० किलोग्रॅम धरली, तर दर सुमारे १.५ येतो. क्षेत्र दुप्पट झाले, की दर चौपट होतो.

याच दराचा तापमानाशीही थेट संबंध आहे. स्नायूची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला व दर अंशाला सुमारे ३५०० जूल धरल्यास १.६ वॉट प्रति किलोग्रॅम या दराने तापमान मिनिटाला अवघे ०.०२७ अंश वाढेल, आणि उष्णता कोठेही वाहून जात नाही असे मानले, तर एक अंश वाढीस सुमारे ३६ मिनिटे लागतील. परंतु देह हा बंद भांड्यासारखा नसतो. रक्त ही उष्णता सतत वाहून नेते. डोक्याच्या गणिती प्रतिमानांत एवढ्या दराने मेंदूतील वाढ अंशाच्या एक-दशांशाच्या आसपास आढळते. तुलनेसाठी हेही लक्षात घ्यावे, की विश्रांत अवस्थेतील मनुष्याचे शरीर चयापचयाने स्वतःच दर किलोग्रॅमला सरासरी सुमारे १.२ वॉट उष्णता निर्माण करीत असते.

या युक्तिवादाचा गाभा रक्ताभिसरणात आहे, आणि म्हणूनच तो सर्व अवयवांना सारखा लागू पडत नाही. डोळ्यातील भिंगात रक्तवाहिन्या नाहीत. वृषणांचे कार्य देहाहून कमी तापमानाला चालते. मेदातील रक्तप्रवाह मंद असतो. समान शोषण-दराचे परिणाम या ठिकाणी समान होणार नाहीत. उलटपक्षी, बराच वेळ बोलल्यावर मोबाइल कानाला गरम लागतो तो पुष्कळ अंशी त्याच्या विद्युत्‌घटामुळे व मंडलांमुळे, आणि कानाशी झाकली गेलेली हवा खेळती न राहिल्यामुळे. त्या उबेवरून रेडिओ ऊर्जेच्या शोषणाचा अंदाज बांधणे चुकीचे ठरेल.

५. साखरेच्या पाण्याचा देह

जिवंत मनुष्याच्या मेंदूत मापनाची सळई घालता येत नाही, हे उघड आहे. म्हणून प्रयोगशाळेत देहाच्या जागी पातळ कवचाचा साचा घेतात, त्यात देहासारखे विद्युत् गुणधर्म असलेला द्रव भरतात, साच्याला बाहेरून उपकरण टेकवितात, आणि यांत्रिक हाताने चालविलेली बारीक सळई द्रवात फिरवून ठिकठिकाणचे क्षेत्र नोंदवितात.

हा द्रव कशाचा केलेला असतो, हे जाणून कोल्हापूरच्या वाचकास कौतुक वाटेल. ८३५ मेगॅहर्ट्‌झसाठी एका प्रचलित मिश्रणात वजनाने सुमारे ४१ टक्के पाणी, ५६ टक्के साखर आणि दीड टक्का मीठ असते; उरलेल्या अल्प भागात द्रव दाट करणारे सेल्युलोजजन्य द्रव्य व जंतुनाशक येते. ज्या जिल्ह्यात ऊस, गूळ व साखर यांवर शेतीचा मोठा व्यवहार उभा आहे, तेथे जंतुनाशकाचे प्रयोजन सांगावयास नको. साखरेचे पाणी ठेवले की आंबते. प्रत्येक घटकाचे कार्य ठरलेले आहे. शुद्ध पाण्याचा परावैद्युतांक ८० च्या जवळपास असतो. साखरेचे रेणू पाण्याची जागा व्यापून तो डोक्यासाठी ठरविलेल्या ४१.५ या मूल्यापर्यंत खाली आणतात, आणि मीठ संवाहकता दर मीटरला ०.९० सीमेन्सपर्यंत नेते. २४५० मेगॅहर्ट्‌झला साखर सोयीची पडत नाही. तेथे ग्लायकॉल वर्गातील द्रव पाण्यात मिसळतात. पाणी व अल्कोहोल यांच्या मिश्रणांच्या मूलभूत अभ्यासाचा मानवी देहाशी असलेला संबंध येथे प्रत्यक्षात येतो. ज्या प्रयोगशाळेला मिश्रणाचे शिथिलन अचूक मोजता येत नाही, तिला शोषण-दरही अचूक मोजता येणार नाही.

या पद्धतीचे सामर्थ्य तिच्या पुनरावृत्तीत आहे. एकच उपकरण दोन देशांतील प्रयोगशाळांत तपासले, तरी निष्कर्ष जुळावेत अशी तिची रचना आहे. परंतु त्यासाठी पुष्कळ काही सोडून द्यावे लागले. साच्यात मेद, हाड, स्नायू असे थर नाहीत. सर्वत्र एकच द्रव आहे. रक्ताचा प्रवाह नाही. मोबाइलच्या तपासणीसाठी वापरले जाणारे प्रमाणित डोके १९८८ साली अमेरिकन सैन्यात केलेल्या शारीरिक मापनांवरून घेतलेले आहे. आणि तेही सरासरी पुरुषाचे नसून, शंभरांपैकी नव्वद जणांची मापे ज्याच्या आत येतील अशा मोठ्या पुरुषाचे आहे. मोठे डोके व एकजिनसी द्रव घेतल्याने कमाल शोषणाचा आकडा बहुधा अधिकच येतो, म्हणून ही निवड सावधपणाची आहे, असे तिचे समर्थन केले जाते. डोक्यातील कमाल आकड्यापुरते ते बव्हंशी ग्राह्य आहे. तथापि लहान मुलांच्या कानाची पाळी व कवटी पातळ असल्यामुळे त्यांच्या मेंदूच्या विशिष्ट भागांत प्रौढांपेक्षा अधिक शोषण होऊ शकते, आणि ते एकजिनसी साच्यात दिसून येत नाही. सारांश, तपासणीतून मिळणारा आकडा उपकरणांची परस्परांशी तुलना करण्यास योग्य आहे. तो अमुक व्यक्तीच्या देहातील शोषणाचे माप नव्हे.

६. मर्यादांचा अर्थ

मर्यादा ठरविताना प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार घेण्यात आला. संपूर्ण शरीराचा सरासरी शोषण-दर दर किलोग्रॅमला ४ वॉटच्या आसपास गेला, की प्राण्यांच्या शिकलेल्या वर्तनात व्यत्यय येतो व शरीराचे तापमान सुमारे एक अंश वाढते, असे आढळले. त्याचा दहावा भाग, म्हणजे ०.४, हा व्यवसायानिमित्त संपर्कात येणाऱ्यांसाठी, आणि पन्नासावा भाग, म्हणजे ०.०८, हा सर्वसामान्य जनतेसाठी संपूर्ण शरीराची सरासरी मर्यादा म्हणून स्वीकारण्यात आला. देहावरील उपकरणांचे शोषण स्थानिक असल्याने त्यासाठी वेगळ्या मर्यादा आल्या. अमेरिकेने १९९६ साली १ ग्रॅम ऊतकाच्या सरासरीवर १.६ वॉट प्रति किलोग्रॅम, तर आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ साली डोके व धड यांसाठी १० ग्रॅमच्या सरासरीवर २ वॉट प्रति किलोग्रॅम ही मर्यादा घेतली. भारताने आरंभी दुसरा मार्ग अनुसरला होता. १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल संचांसाठी पहिला मार्ग स्वीकारण्यात आला.

१.६ आणि २ या आकड्यांतील अंतर अल्प दिसत असले, तरी खरा भेद सरासरीच्या वस्तुमानात आहे. १ ग्रॅम ऊतकाचा घन सुमारे एक सेंटिमीटर बाजूचा असतो, तर १० ग्रॅमचा सुमारे २.१५ सेंटिमीटरचा. शोषण पृष्ठभागाजवळ एकवटलेले असल्याने लहान घनाची सरासरी अधिक येते. अर्थात समान आकड्यालाही १ ग्रॅमची अट अधिक कडक ठरते.

या व्याख्येतूनच एक उपयुक्त अनुमान निघते. १.६ वॉट प्रति किलोग्रॅम या दराने १ ग्रॅममध्ये मुरणारी शक्ती १.६ मिलिवॉट होते. ज्या उपकरणाची सरासरी प्रक्षेपण-शक्ती त्याहून कमी आहे, त्याची सर्वच्या सर्व शक्ती एकाच ग्रॅममध्ये मुरली, तरी मर्यादा ओलांडली जाणे शक्य नाही. १० ग्रॅम व २ वॉट या नियमानुसार हीच शक्ती २० मिलिवॉट येते. आता अनेक इअरफोनांत येणारी ब्लूटूथची २.५ मिलिवॉटची पातळी घ्यावी. पहिल्या नियमाच्या दृष्टीने ती या निःशंक पातळीच्या किंचित वर पडते, तर दुसऱ्या नियमाच्या दृष्टीने पुष्कळच खाली राहते. प्रत्यक्षात प्रक्षेपण अखंड नसते, शक्तीचा काही भाग बाहेर जातो, आणि मुरणारा भागही एका ग्रॅमपेक्षा मोठ्या प्रदेशात पसरतो. त्यामुळे मोजलेला दर मर्यादेच्या खालीच येतो. याउलट, जुन्या जी.एस.एम. पद्धतीच्या मोबाइलची ९०० मेगॅहर्ट्‌झवरील कमाल सरासरी शक्ती पाव वॉट, म्हणजे या इअरफोनच्या शंभर पट होती. बिनतारी इअरफोन वापरून मोबाइल डोक्यापासून दूर ठेवणाऱ्याच्या डोक्यातील शोषण घटते, ते याच हिशेबाने.

मर्यादा ही औष्णिक परिणामांवर आधारलेली आहे, हेही विसरता कामा नये. दीर्घकालीन वापराविषयीचा प्रश्न वेगळा आहे. २०११ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ कंप्रतेच्या विद्युत्‌चुंबकीय क्षेत्रांना '२ ब' या, म्हणजे कर्करोगास कदाचित कारणीभूत असू शकणाऱ्या गोष्टींच्या, वर्गात ठेवले. मानवातील पुरावा मर्यादित आहे, असा त्या वर्गीकरणाचा अर्थ होतो. ते धोक्याच्या प्रमाणाचे माप नाही. तसेच ते निर्दोषतेचे प्रमाणपत्रही नाही.

७. देहाच्या आतून येणारा संदेश

आतापर्यंत शोषणाचा विचार आरोग्याच्या दृष्टीने झाला. देहात बसविलेल्या उपकरणांच्या बाबतीत त्याला दुसरी बाजू आहे. पेसमेकर हृदयाच्या स्थितीची माहिती बाहेरच्या यंत्राकडे पाठवितो, तेव्हा वाटेतील ऊतकांत मुरलेली प्रत्येक सूक्ष्म मात्रा ही संदेशातून वजा झालेली असते. पेसमेकर त्वचेच्या निकट असतो. परंतु एखादे उपकरण स्नायूत ५ सेंटिमीटर खोल आहे असे धरल्यास, केवळ ऊतकांतील ऱ्हासामुळे २४५० मेगॅहर्ट्‌झला सुमारे १ टक्काच शक्ती पृष्ठभागापर्यंत पोहोचते. ४०३ मेगॅहर्ट्‌झला हेच प्रमाण सुमारे १५ टक्के असते. अशा उपकरणांसाठी कमी कंप्रतेचा पट्टा निवडण्यामागील एक महत्त्वाचे कारण येथे दिसून येते. कमी कंप्रतेचा दोष म्हणजे लांब आकाशक. हवेत ४०३ मेगॅहर्ट्‌झच्या तरंगाची लांबी सुमारे ७४ सेंटिमीटर असते. परंतु ज्या पाण्यामुळे शोषण होते त्याच पाण्यामुळे स्नायूत ती लांबी १० सेंटिमीटरांच्या आत येते, आणि आकाशक लहान करणे काही अंशी सुकर होते.

या पट्ट्यात बाहेर पडणाऱ्या शक्तीची मर्यादा २५ मायक्रोवॉट इतकी अल्प आहे. मात्र ती मर्यादा देहाबाहेर उत्सर्जित होणाऱ्या शक्तीला लागू आहे. वाटेत देहाने घेतलेला वाटा तीत दिसत नाही, आणि त्याचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो. हा वाटा वाढला, तर यंत्राला अधिक शक्ती खर्चावी लागते व विद्युत्‌घट लवकर संपतो. घट संपणे म्हणजे रुग्णाच्या दृष्टीने बहुधा आणखी एक शस्त्रक्रिया. अशा रीतीने रुग्णाच्या ऊतकांचे हित आणि अभियंत्याचे उद्दिष्ट येथे एकरूप होतात. देहात कमी ऊर्जा मुरविणारा आकाशक हा अधिक सुरक्षित तर असतोच, पण तो अधिक काळ टिकणारा व अधिक स्पष्ट संदेश देणाराही असतो.

समारोप

वरील विवेचनाचे सार असे, की रेडिओ ऊर्जेचे देहातील शोषण ही गूढ घटना नसून पाण्याचे ध्रुवीय रेणू व मिठाचे आयन यांच्या परिचित वर्तनाचा तो परिपाक आहे. उपकरणाची शक्ती शोषणाची वरची मर्यादा ठरविते. त्या मर्यादेच्या आत प्रत्यक्ष शोषण किती व कोठे होईल, हे आकाशकाचे अंतर व दिशा आणि त्वचा, मेद व स्नायू यांच्या थरांवरून ठरते. उपकरणासोबत दिलेला आकडा वाचताना म्हणून तीन प्रश्न विचारावयास हवेत : सरासरी किती ग्रॅमवर घेतली आहे, मापन देहापासून किती अंतरावर केले आहे, आणि साचा कोणत्या अवयवाचा होता. या तीन प्रश्नांच्या उत्तरांवाचून दोन आकड्यांची तुलना करणे निरर्थक होय.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या विषयाचे आणखी एक महत्त्व आहे. तपासणीचा साचा परदेशी सैनिकांच्या मापांचा असला, तरी भिन्न देहरचनांसाठी थरांच्या जाडीचे गणित करण्यास, पाणी, साखर व मीठ यांची मिश्रणे निरनिराळ्या तापमानांना मोजण्यास, आणि त्यावरून येथील स्त्री, पुरुष व बालके यांच्यासाठी शोषणाचा अंदाज बांधण्यास फार मोठ्या साधनसामग्रीची आवश्यकता नाही. समाक्ष तार, अचूक कंप्रतेचा स्रोत, परावर्तन मोजण्याची सोय आणि डिबाय यांच्या समीकरणाचे ज्ञान एवढ्यावर त्याचा आरंभ होऊ शकतो. देहाला चिकटलेली यंत्रे जोवर माणसाच्या नित्य व्यवहाराचा आणि काहींच्या जीविताचा आधार आहेत, तोवर या मापनांतील प्रत्येक दशांशाला अर्थ राहणार आहे.